मागचे म्हणजे कुठले

नंदू, टायर आले.

तुझी राख सावडायच्या दिवशी आले. मी नदीकाठी वही घेऊन उभी होते. दूध कोण आणणार, नारळ कुणाकडे, भटजींना मोटरसायकलवरून कोण घेऊन येणार, सगळं लिहिलेलं होतं आणि मी एकेक ओळ खोडत चालले होते. तेवढ्यात सांगलीहून रफिकभाईंचा फोन आला. त्यांच्या टायरच्या दुकानात अजून काही कळलं नव्हतं. "आक्का, पुण्यास्नं माल आला बघा. चारीबी टायर आल्यात. भावाला पाठवा, लगीच बसवून देतो." मी म्हणाले, "बरं." फोन पिशवीत टाकला आणि वहीतल्या 'नंदूचे टायर' या ओळीवर रेघ मारली. काम झालं की रेघ मारायची, हात आपोआप चालतो. रेघ मारून झाल्यावर मला दिसलं, मी काय खोडलंय.

तुझे पलटणीतले मित्र तुझ्यावर छोटी पुस्तिका काढतायत. मला म्हणाले, तुम्हीपण लिहा. जन्म, शाळा, भरती, कुठं कुठं पोस्टिंग, रहिमतपूरचं गॅरेज, हे सगळं मी एका कागदावर लिहून दिलं. दहा मिनिटं लागली. हे जे लिहितेय ते तुला. त्यांना छापायचं असेल तर छापू देत. छापावंच.

भाऊबीजेपासून सुरू करते, कारण भांडण तिथं सुरू झालं.

पुण्याच्या कुणा डॉक्टरनं दहा वर्षं वापरून काढून टाकलेली ती निळी गाडी तू घेतलीस तेव्हा आपल्याकडे कुणी तुला शहाणं म्हटलं नव्हतं. इंजिनाचा सगळा जोर मागच्या चाकांवर. मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद, म्हणजे इकडचा टायर तिकडे बसवायची सोय नाही. डिकीत स्टेपनी नाही. मी म्हटलं होतं, हा हत्ती कशाला बांधून घेतलास दारात. तू म्हणालास, "बावीस वर्षं फौजेचे ट्रक दुरुस्त केले आक्का. आता एक तरी पळणारी नगं व्हय?"

टायर बदलायला झाले होते हे दोघांनाही माहीत होतं. आपल्या घरात खरेदी माझ्याकडे. साखर कारखान्याच्या स्टोअरमध्ये मी इतकी वर्षं बेअरिंगं, पट्टे, व्हॉल्व मागवतेय. तीन कोटेशन आल्याशिवाय मी केरसुणी घेत नाही, हे तूच सगळ्यांना सांगायचास. तर भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर मी तुझ्यापुढं तक्ता ठेवला. तीन दुकानं, तीन कंपन्या. माप, वजन किती पेलणार, वेगासाठीचं अक्षर कुठलं, कुठल्या आठवड्यात बनलाय, किती किलोमीटर चालणार, आवाज किती. सगळे रकाने भरलेले. तू लाडू खात खात वरून खाली बोट फिरवलंस.

"ह्यात पकड कुठं हाय?"

"पकडीचा रकाना नसतो, नंदू."

"मग कागद चुकलाय तुझा."

मी म्हणाले, मागचेच घेऊ. तीन वर्षांत काही तक्रार होती का? ते मागच्या वेळचे टायर मी निवडले होते. टिकाऊ, कडक रबराचे, आवाज न करणारे. त्यावर तू बायकोकडे बघून म्हणालास, "गाडी पैलवान हाय, आन आक्का तिला शाळंचं बूट घालती." शैला तोंडाला पदर लावून हसली. माझी मुलगी तर जमिनीवर लोळली. मी काही हसले नाही.

"मग तुला काय हवंय?"

"मऊ रबराचं. झिजंल दीड वर्षात. झिजू दे की. आगं, सगळी गाडी हवेत असती. रस्त्याला टेकती ती चार पायताणांएवढी जागा. त्या चार पायताणांवर शैला बसती, तू बसतीस."

मी 'विचार करू' असं लिहून रकाना मोकळा ठेवला. मग आपण खाली गेलो. मी पर्समधून रुपयाचं नाणं काढून मागच्या टायरच्या बाहेरच्या खाचेत उभं घातलं. नाणं बऱ्यापैकी आत गेलं. "अजून चार महिने आरामात," मी म्हणाले. तू तोवर रस्त्यावर उताणा पडून गाडीखाली डोकं घातलं होतंस. "बाहेरनं न्हाई, आतनं बघ. हिची मागची चाकं जरा फाकून चालत्यात. आतली कड आदी जाती. वाक की जरा." माझ्या अंगावर तू आणलेली नवी साडी होती. मी वाकले नाही. वहीत लिहिलं, 'टायर – संक्रांतीनंतर.'

संध्याकाळी तू मला इस्लामपूरच्या रस्त्यानं एक चक्कर मारून आणलीस. एका मोकळ्या वळणावर मुद्दाम गाडी जरा जोरात वळवलीस आणि खालून एक बारीक, रडवा आवाज आला. "ऐकलास? सुटायच्या आदी टायर सांगतो. मऊ टायर लवकर सांगतो. तुजं हे लय उशिरा सांगत्यात, पण सांगत्यात. ऐकणारा पायजे." मी म्हणाले, काच वर कर, वारा लागतोय.

आता मी रोज ते वळण आठवते, नंदू, आणि तो आवाज मला आठवत नाही. वारा आठवतो.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, गुरुवारी, माझ्या जेवणाच्या सुट्टीत तुझा फोन आला. गाळप जोरात होतं, मागं मिलची घरघर. मी डबा उघडून बसले होते, एका हातात भाकरी, दुसऱ्या हातात फोन. तो फोन एक मिनिट दहा सेकंदांचा होता. मोबाइलमध्ये अजून दिसतं. काय बोललो ते मला शब्दन् शब्द पाठ आहे.

"आक्का, टायरचं तेवढं लगीच बघ. मागचंच घे."

"मागचेच? नक्की ठरलं?"

"व्हय, मागचंच. पुढचं पुढं बघू."

"बरं झालं बाई. शेवटी आलास ना वळणावर!"

तू हसलास. "ठेवतो. गिऱ्हाईक आलंय."

मी डबा तसाच ठेवून वहीत लिहिलं, 'टायर – मागचेच – ४ – ठरले.' 'ठरले' खाली दोन रेघा मारल्या. मला काय वाटलं ते आज लिहिते. मला वाटलं, मी जिंकले. भाऊबीजेला सगळ्यांदेखत मला शाळेच्या बुटांवरून हसला आणि शेवटी माझेच टायर घ्यायला निघाला. मागचेच, म्हणजे मागच्या वेळचेच. आणि पुढचं पुढं बघू, म्हणजे मऊ टायरचं पुढच्या खेपेला बघू. सरळ होतं. मला हवं तसं सरळ.

आपल्याकडं बोलताना पुढचे आणि पुढचं यात कोण फरक करतं? एक टायर असो नाहीतर दहा, 'मागचं घे'च म्हणतो आपण. शाळेत शिकलेलं शुद्ध मराठी मी वहीत लिहिते, बोलताना आपण सगळे रहिमतपूरचेच. हे मला माहीत होतं. माझं अर्धं आयुष्य लोकांच्या तोंडच्या मागण्या कागदावर नीट उतरवण्यात गेलंय. कारखान्यात कुणी येऊन म्हणालं, 'बाई, मागचा पट्टा द्या,' तर मी पेन खाली ठेवून विचारते, मागचा म्हणजे कुठला? मशीनच्या मागच्या बाजूचा, का मागच्या महिन्यात नेलेला तो? फिटर लोक वैतागतात माझ्यावर. त्यांना विचारते. तुला विचारलं नाही.

आणि ऐक, याहून वाईट आहे. दुपारी मी रफिकभाईंना फोन करून सांगितलं, मागचेच हवेत. ते म्हणाले, "मागचं दोन हायत की माझ्याकडं! तुमच्याच मापाचं. कंपनी दुसरी हाय, रबर मऊ हाय, पर माल ताजा. उद्याच्याला बसवतो." मी त्यांना समजावून सांगितलं, नंदू. त्यांना! "तसं नव्हे हो रफिकभाई. मागचे म्हणजे मागच्या वेळचे. चार." ते म्हणाले, "मग पुण्यास्नं मागवाय लागतील. धा-बारा दिवस जातील." मी म्हणाले, जाऊ देत.

ते दोन टायर त्या दुकानात पडून होते. तुला हवे होते तसेच, मऊ. नवव्या दिवशी तू गेलास.

शनिवार होता. शैला कोयनानगरला दवाखान्यात नर्स, म्हणून दर शनिवारी गॅरेज बंद करून तू तिकडं जायचास. पाटण सोडल्यावर, वळणांच्या रस्त्यावर, दुपारी तीनच्या सुमाराला उन्हातच अवकाळी सर आली. शेतातून नुकताच ट्रॅक्टर बाहेर पडलेला होता, त्याच्या चाकांची माती डांबरावर पसरलेली. गाडीचा मागचा भाग सुटला आणि ती तुझ्या बाजूनं झाडावर गेली. ट्रॅक्टरवाला धावत आला तेव्हा पाऊस थांबलाही होता, असं तो म्हणाला. मी त्याचा नंबर घेऊन ठेवलाय. कशासाठी, माहीत नाही. मी सगळ्यांचे नंबर घेते.

पाचव्या दिवशी विम्याच्या कागदांसाठी मी पोलीस ठाण्यात गेले. बाकी कुणाला जमणार होतं? आवारात चिंचेखाली गाडी उभी होती. उजवी बाजू नव्हतीच म्हणायची. पंचनाम्याची प्रत देणारे हवालदार वयस्कर, मायाळू होते. माझ्याबरोबर गाडीपर्यंत आले आणि सहज बोलून गेले, "पुढचं बघा, अजून काटं दिसत्यात. अजून वर्सभर चाललं असतं. मागचंच गेल्यालं. पार गोटा झाल्यालं आतनं. मागचं तेवढं बदलाय पायजे हुतं बाई."

मागचं तेवढं.

मी त्यांना म्हणाले, परत एकदा म्हणा. त्यांना वाटलं मला ऐकू आलं नाही. ते मोठ्यानं म्हणाले.

तेव्हा मी वाकले, नंदू. मातीत गुडघे टेकून, हात आत घालून चाचपडले. बाहेरून खाच होती, नाणं गेलं असतं. आत माझी बोटं गुळगुळीत रबरावरून सरकली आणि कडेला तारा टोचल्या. तुला भाऊबीजेला जे दिसलं होतं ते मला तेव्हा हाताला लागलं. तू मागच्या चाकांचे दोन टायर मागत होतास. तेवढेच. लगीच. पुढच्या चाकांचं पुढं बघू म्हणाला होतास.

घरी आले तर शैला माणसांत बसलेली. जो येईल त्याला ती एकच सांगत होती. "किती येळा म्हणलं ह्यांना, आवं टायर बदला. ऐकलंच न्हाई." लोक माना हलवत होते. एक जण म्हणाला, फौजी माणूस, हट्टीच असायचा. मी दारात चपला काढत होते. मला तिथंच बोलायला हवं होतं. मी आत गेले आणि चहाचे कप मोजले. एकवीस होते. दहाव्यापर्यंत मी हेच करत राहिले. पत्रावळ्या, द्रोण, गॅसच्या टाक्या, कोण कुठं झोपणार. सगळे म्हणायचे, आक्का आहेत म्हणून निभावलं. आणि प्रत्येक वेळी तुझ्या नावावर ते 'ऐकलंच न्हाई' चढत गेलं आणि मी चढू दिलं. जिवंतपणी तू माझी एवढी ढाल झालास ते पुरेसं नव्हतं म्हणून की काय.

साखरपुड्याच्या पत्रिकांचंच घे. माझ्या मुलीच्या साखरपुड्याच्या पत्रिकेत मी वार चुकीचा छापून घेतला होता. तारीख बरोबर, वार बुधवार. तू तेव्हा सुट्टीवर आला होतास. मला एका शब्दानं न सांगता सगळा गठ्ठा घेऊन गेलास आणि गावोगाव मोटरसायकलवर फिरून, प्रत्येक पत्रिकेवर पेनानं 'गुरुवार' करून दिलास. शिराळ्यापर्यंत गेलास. मला पाच वर्षांनी कुणाकडून तरी कळलं. तुला फोन करून मी आभार मानले का? मी म्हणाले, चूक छापखान्याची होती. तू म्हणालास, "व्हय, त्याचीच हुती."

दहावा झाल्यावर सगळी माणसं गेली. दुपारी स्वयंपाकघरात शैला आणि मी दोघीच भांडी पुसत होतो. मी भांडं खाली ठेवलं आणि तिला सगळं सांगितलं. वही आणून ती ओळ दाखवली. 'मागचेच – ४ – ठरले.' खालच्या दोन रेघा दाखवल्या. म्हणाले, त्यानं दोन मागितले होते, ते सांगलीत तयार होते. मी चुकीचं ऐकलं. तू त्याला बोल लावू नकोस. मला लाव.

तिनं पातेलं पुसायचं थांबवलं नाही.

"मला म्हाईत हाय, वन्सं."

मला वाटलं, मीच पुन्हा चुकीचं ऐकतेय.

"शुक्रवारी ह्यांनी रफिकभाईला फोन केल्ता, कवा येऊ म्हणून. त्यांनी सांगितलं, आक्कांनी मागच्या वेळचं चार मागवल्यात. हे लय हसलं. म्हणलं, मी मागचं म्हणलं, आक्कानं मागचंच लिवलं. मी म्हणलं, आवं मग फोन करा की त्यास्नी. तर म्हणलं, ऱ्हाऊ दे. तिला लय आनंद झालाय, मी तिचं ऐकलं म्हणून. एकदा तरी ऐकू दे मला. धा दिवस हळू चालवतो."

मी खाली ठेवलेलं भांडं परत पुसायला घेतलं.

"आन म्हणलं, आक्काला चूक कोण सांगणार?" शैला म्हणाली. हे ती टोचून म्हणाली नाही. तू म्हणालास तसंच म्हणाली, आणि त्यामुळं मला तुझा आवाज ऐकू आला. तू हसतच म्हणाला असणार. आपल्या घरातला तो जुना विनोद होता. मीही त्यावर हसले असते.

"मग तू लोकांना असं का सांगतेस? ऐकलं नाही म्हणून?"

"मग काय सांगू? कुणी टायरचं इचारलं तर तुमच्यापतूर येईल. तुमी कशा जगणार मग? ह्यांनी मला दोनदा सांगितल्यालं, आक्काला कळू देऊ नगं, लय मनाला लावून घेईल."

मी तिला विचारलं, ते दोन टायर असते तर वाचला असता का? मला आतून वाटत होतं, ती नाही म्हणेल. नर्स आहे, रोज लोकांना धीर देते. तिनं माझ्याकडं बघितलं. "म्हाईत न्हाई मला वन्सं," ती म्हणाली, आणि पातेलं फळीवर उपडं घातलं.

नंदू, मी काय करू? तू मला वाचवायला नऊ दिवस हळू गाडी चालवलीस. गुळगुळीत टायरांवर, पन्नासच्या वर न जाता, माझा मान राखत. मला एक फोन केला असतास तर मी आधी वाद घातला असता, हे खरं. वहीत तसंच लिहिलंय म्हणाले असते. दोन दिवस रुसले असते. पण तिसऱ्या दिवशी टायर बसले असते, रे! दोन दिवसांचा माझा रुसवा तुला इतका भारी का वाटला? मी तुमच्याशी असं काय वागले, की सगळ्या घरानं मला चुका न सांगायचं ठरवून टाकलं आणि मी त्यालाच माझी हुशारी समजत राहिले?

रात्र रात्र मी तुझ्याशी भांडते. सांगायचं होतंस. मी चिडले असते तर चिडू द्यायचं होतंस. मग तुझा तो चेहरा येतो, 'एकदा तरी ऐकू दे मला' म्हणणारा, आणि भांडण तिथंच अडतं. इतकं प्रेम माझ्यावर कुणी केलेलं नाही आणि इतकं महाग मला काहीच पडलेलं नाही. दोन्ही एकाच वाक्यात कसं मांडायचं ते मला येत नाही. रकाने करायला गेले, जमलं नाही.

रफिकभाईंना मी परवा भेटले. आता त्यांना कळलंय. दुकानाच्या कोपऱ्यात चार टायर एकावर एक ठेवलेले होते, कागदी पट्ट्यांसकट. ते म्हणाले, परत पाठवतो, तुम्ही काळजी करू नका. बाजूच्या मांडणीवर ते दुसरे दोन होते, रुंद, मऊ. मी अंगठ्यानं दाबून बघितले. खरंच मऊ आहेत. वहीत खोडलेल्या ओळीखाली मी पुन्हा लिहिलं, 'नंदूचे टायर.' आता ती ओळ तशीच राहणार. तिच्यावर रेघ मारायचा मला हक्क नाही.

काल शिराळ्याचे सुभेदार आले, तुझ्याबरोबर दहा वर्षं एका वर्कशॉपमध्ये होते ते. फोटोला हात जोडून बसले. शैलानं पाणी आणलं. ते म्हणाले, "एवढा जाणता मेकॅनिक, आन टायरवर गेला? पटत न्हाई बगा." शैला नेहमीसारखी सुरू झाली. "किती येळा म्हणलं ह्यांना. ऐकलंच—"

"शैला, थांब," मी म्हणाले.

तिनं मान हलवली, नको म्हणून. तिला तू शपथ घातली असशील. पण मला कुणी घातलेली नाही.

"त्यानं बरोबर सांगितलं होतं," मी सुभेदारांना म्हणाले. "मी ऐकलं नाही."

"म्हंजी?"

मी वही मिटून बाजूला ठेवली आणि त्यांना पहिल्यापासून सांगायला लागले. मागचे म्हणजे कुठले, तिथपासून.